वाचकांचे प्रश्न: निकालपत्रकावरचा व्हाइटनर

गेल्या अंकात मलावी या आफ्रिकन देशाबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की २०१९ ची तिथली अध्यक्षपदाची निवडणूक कोर्टानं रद्द केली कारण लोक महिनोन्महिने रस्त्यावर राहिले. एवढ्याशा मजकुरावर इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून यावेळचं सगळं पान आफ्रिकेतल्या नागरी समाजाला दिलंय. नावं छापत नाही, फक्त गाव देतेय.

तुम्ही लिहिलंत लोक रस्त्यावर राहिले म्हणून निवडणूक रद्द झाली. कोर्ट पुराव्यावर चालतं, मोर्च्यावर नाही. हे जरा जास्तच भावनिक झालं नाही का? (एक वकील, कोल्हापूर)

बरोबर पकडलंत वकीलसाहेब, वाक्य चुकलं माझं. निवडणूक रद्द झाली ती पुराव्यावरच. पण तो पुरावा कोर्टापर्यंत आणि कोर्ट निकालापर्यंत धड पोचलं कसं हे मला सांगायचं होतं, आता नीट सांगते.

२१ मे २०१९ ला मतदान झालं. त्यावेळचे अध्यक्ष पीटर मुथारिका यांना ३८.५७ टक्के, लाझारस चकवेरा यांना ३५.४१ टक्के आणि तिसरे साउलोस चिलिमा यांना २० टक्क्यांच्या आसपास मतं, म्हणजे मुथारिका जिंकले असं जाहीर झालं. पण केंद्राकेंद्रावरची निकालपत्रकं बघितली तर कितीतरी पत्रकांवर आकडे व्हाइटनर लावून खोडलेले आणि वर नवीन लिहिलेले. तिकडे व्हाइटनरला टिपेक्स म्हणतात, तर लोकांनी त्या निवडणुकीचं नावच टिपेक्स निवडणूक पाडलं. चकवेरा आणि चिलिमा कोर्टात गेले, आणि रस्त्यावर उतरली ती ह्यूमन राइट्स डिफेंडर्स कोअलिशन, थोडक्यात एचआरडीसी, म्हणजे मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांची आघाडी. मागणी एकच, निवडणूक आयोगाच्या अध्यक्षा जेन अन्साह यांनी राजीनामा द्यावा. जूनपासून सुरू झालेले मोर्चे थांबायलाच तयार नाहीत, लिलाँग्वे, ब्लँटायर, म्झुझू, सगळीकडे. सगळे शांत होते असं मी म्हणणार नाही, दुकानं फुटली, लुटालूट झाली, आणि त्याचा त्रास गरिबांनाच झाला. पण एक गोष्ट तिथली लोकं अजून सांगतात, की पोलीस अश्रुधूर सोडत होते तेव्हा लष्कराचे जवान मोर्चेकऱ्यांच्या बाजूला उभे राहून त्यांना संरक्षण देत होते.

आता कोर्ट. पाच न्यायाधीशांचं खंडपीठ, सुनावणी रेडिओवर लाइव्ह, बाजारात भाजी विकणारी बाई पण उलटतपासणी ऐकतेय. मधेच एका बड्या बँकरनं न्यायाधीशांना लाच द्यायचा प्रयत्न केला, न्यायाधीशांनी स्वतःच तक्रार केली, आणि त्या माणसाला पुढे २०२१ मध्ये शिक्षा झाली. ३ फेब्रुवारी २०२० ला निकाल होता तेव्हा न्यायाधीश बुलेटप्रूफ जॅकेट घालून लष्कराच्या बंदोबस्तात आले. सुमारे ५०० पानी निकाल, वाचायला दहाएक तास लागले, आणि निवडणूक रद्द. शिवाय कोर्ट म्हणालं की बहुमत म्हणजे ५० टक्क्यांच्या वर, नुसतं सगळ्यात जास्त मतं असून चालणार नाही.

इथं गोष्ट संपत नाही म्हणून तर मी ते वाक्य लिहिलं होतं. फेरनिवडणुकीला दहाबारा दिवस राहिलेले असताना सरकारनं जाहीर केलं की सरन्यायाधीश अँड्र्यू न्यिरेंडा सुट्टीवर जातील, त्यांची इतकी रजा शिल्लक आहे की निवृत्तीपर्यंत पुरेल. त्याच आठवड्यात वकील काळे डगले घालून रस्त्यावर, मॅजिस्ट्रेटांची संघटना आणि एचआरडीसी कोर्टात, आणि त्या आदेशाला स्थगिती. तुमच्याच पेशातली माणसं साहेब. कोर्टानं पुराव्यावर निकाल दिला हे शंभर टक्के खरं, पण कोर्टाला तो देता यावा, दिल्यावर तो टिकावा, यासाठी बाहेर कुणीतरी जागं असावं लागतं.

आणखी एक सांगते, कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये लिलाँग्वेजवळच्या म्सुंद्वे भागात जमावानं एका पोलिसाला दगडांनी ठेचून मारलं. त्याचा सूड म्हणून पोलीस आसपासच्या वस्त्यांत घुसले आणि बायकामुलींवर अत्याचार केले. या बायकांची केस तिथल्या महिला वकील संघटनेनं घेतली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये हायकोर्टानं सरकारला भरपाई द्यायला लावली. तोपर्यंत फेरनिवडणुकीनं सरकार बदललेलं होतं, कोर्टात गेलेले चकवेरा आणि चिलिमा सत्तेत होते, तरी या वकील बायका केस सोडून गेल्या नाहीत. मला निवडणुकीच्या निकालाइतकाच हा निकाल मोठा वाटतो.

नागरी समाज म्हणजे नक्की कोण? आमच्या नोट्समध्ये एनजीओ एवढंच लिहिलंय. पॉइंट्समध्ये उत्तर दिलंत तर बरं. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

पॉइंट्स नाही देणार बाळा, रागावू नको, कारण पॉइंट्स पाठ झाले की माणसं विसरली जातात. मलावीचंच घे. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हापासून हेस्टिंग्ज बांदा सत्तेत, १९७१ पासून तर जन्मभराचे राष्ट्राध्यक्ष. एकच पक्ष, टीव्ही नाही, बायकांनी पँट घालायची नाही, पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत, आणि विरोधात बोलला तो गायब. तिथं एनजीओ कुठून असणार? पण चर्च होतं, ते बंद करता येत नव्हतं. ८ मार्च १९९२ ला, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात, सात कॅथलिक बिशपांनी एक पत्र देशभरातल्या चर्चमध्ये एकाच रविवारी वाचायला लावलं. गुपचूप १६००० प्रती छापलेल्या. पत्रात काय, तर शाळांची दुरवस्था, दवाखान्यांत औषधं नाहीत, श्रीमंत-गरीब दरी, आणि माणसाला भीती न बाळगता बोलता आलं पाहिजे. बस एवढंच. बिशपांची पोलीस चौकशी झाली, जिवे मारायच्या धमक्या आल्या, पण ऐकलेलं कसं परत घेणार, लाखो लोकांनी एकाच सकाळी ऐकलं होतं ना. मग विद्यार्थी उठले, कामगार उठले, चर्च, मुस्लिम संघटना, वकील असे सगळे मिळून पब्लिक अफेअर्स कमिटी तयार झाली, आणि १४ जून १९९३ च्या सार्वमतात लोकांनी एकपक्षीय राजवट नाकारली.

शेजारच्या झांबियात २००१ मध्ये अध्यक्ष चिलुबा यांना तिसऱ्यांदा उभं राहायचं होतं, घटना बदलून. तिथं चर्च, वकील संघटना आणि महिला संघटना एकत्र आल्या, ओअॅसिस फोरम नाव घेतलं, लोकांनी अंगावर हिरव्या फिती लावल्या, आणि मे महिन्यात चिलुबांनी विचार सोडून दिला.

तर नागरी समाज म्हणजे सरकार नाही, पक्ष नाही, धंदा नाही, असं जे जे लोक मिळून करतात ते सगळं. बचत गट, भजनी मंडळ, रिक्षा युनियन, बार असोसिएशन, कॉलेजचं मंडळ. यातलं कोण कधी लोकशाहीच्या कामाला येईल हे आधी सांगता येत नाही. पेपरात एनजीओ लिही हवं तर, पण हे लक्षात ठेव.

जून २०२४ ला करवाढीविरुद्ध तरुण पोरांचे मोर्चे निघाले तेव्हा आम्ही इथे केनियात, नैरोबीत चार दिवस घरात बंद होतो, भारतीय हाय कमिशनचे मेसेज, दुकानाचं शटर खाली. ही पोरं कुठल्याच संस्थेची नव्हती, नेता नाही, ऑफिस नाही. याला नागरी समाज म्हणायचं का? माझा केनियन असिस्टंट त्या मोर्च्यात होता आणि मला त्याला काय बोलावं कळलं नाही. (पंधरा वर्षं नैरोबीत असलेली वाचक)

ताई, तुमची भीती खरी होती, २५ जूनला पोरं संसदेत घुसली, गोळीबार झाला, आणि केनियाच्याच मानवी हक्क आयोगानं त्या आंदोलनातले ६० हून जास्त मृत्यू मोजलेत. घरात बसलात ते बरोबरच केलंत.

पण त्याआधीचे दोन आठवडे आठवा. वित्त विधेयकात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट, गाड्यांवर २.५ टक्के कर असं काय काय होतं. आपल्याकडे बजेटचं विधेयक कोण वाचतं सांगा बरं, मी तरी नाही वाचत पूर्ण. या पोरांनी ते अख्खं वाचलं, कलम न् कलम, आणि टिकटॉकवर स्वाहिलीत, किकुयूत, लुओत समजावून सांगितलं. खासदारांचे फोन नंबर फिरवले आणि त्यांना फोन आणि मेसेज करून करून हैराण केलं. जखमींसाठी एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तिकडच्या सोयीवर, वर्गणी गोळा केली. वकील फुकट केसेस घ्यायला पोलीस ठाण्यांत रात्र रात्र बसले, लॉ सोसायटी या वकिलांच्या संघटनेच्या त्यावेळच्या अध्यक्षा फेथ ओधिआंबो उचललेल्या पोरांची नावं रोज विचारत राहिल्या. २६ जूनला अध्यक्ष रूटो म्हणाले की विधेयकावर सही करणार नाही. मग याला नागरी समाज नाही तर काय म्हणायचं? लेटरहेड नव्हतं इतकंच.

आणि हे आकाशातून नाही पडलं. तुम्ही उहुरू पार्कवरून जाता ना, त्याच्या एका कोपऱ्याला फ्रीडम कॉर्नर म्हणतात. १९९२ मध्ये तिथं राजकीय कैद्यांच्या आया उपोषणाला बसल्या होत्या, म्हाताऱ्या बायका, आणि त्यांच्याबरोबर पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई, ज्यांना पुढे २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा त्यातल्या काही आयांनी अंगावरचे कपडे काढले, कारण तिकडच्या रीतीनं आईनं असं करणं म्हणजे समोरच्याला शाप. पोलिसांनी माना फिरवल्या. मग त्या बायका जवळच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये गेल्या आणि जवळजवळ वर्षभर तिथं राहिल्या, १९९३ मध्ये बहुतेक मुलं सुटून येईपर्यंत. त्या काळापासून सुरू झालेली नव्या घटनेची मागणी २०१० मध्ये पुरी झाली, आणि कायदा करताना जनतेला सहभागी करून घ्यायलाच हवं हे त्या घटनेत लिहिलं गेलं. २०२४ ची पोरं घटनेतली कलमं फलकावर लिहून उभी होती ती याच घटनेतली. ३१ जुलै २०२४ ला तिथल्या अपील कोर्टानं आदल्या वर्षीचा वित्त कायदासुद्धा लोकांना नीट विचारलं नाही म्हणून घटनाबाह्य ठरवला, पुढे ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला, म्हणजे भांडण चालूच आहे.

काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्यानंतर पोरं घरातून, रस्त्यावरून उचलली गेली, २०२४ संपेपर्यंत मानवी हक्क आयोगाकडे अशा ८० हून जास्त नोंदी होत्या. ऑफिस नसलेल्या चळवळीचं बळ हेच की कुणाला पकडून ती थांबत नाही, आणि दुखणं पण हेच, की एकटा पकडला गेला तर त्याच्यामागे उभी राहणारी संस्था नसते. तुमच्या असिस्टंटला काय बोलावं विचारता, तर त्यालाच विचारा ना काय काय झालं ते, आणि शांतपणे ऐकून घ्या. शेजारच्या घरातलं माणूस असल्यासारखं.

मी आशा सेविका आहे. निवडणूक, कोर्ट हे मोठ्या लोकांचं. आमच्या कामात, दवाखान्यात याचा काही फरक पडतो का? (सोलापूर जिल्हा)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी आधी ठरवलेलं उत्तर खोडलं आणि हे लिहायला घेतलं.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी एचआयव्हीनं माणसं पटापट जात होती. औषधं होती पण वर्षाचा खर्च १०००० डॉलरच्या वर. १० डिसेंबर १९९८ ला काही लोकांनी ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन सुरू केली, टीएसी म्हणतात तिला. झॅकी अकमत नावाचा कार्यकर्ता पुढे होता, तो स्वतः पॉझिटिव्ह, आणि त्यानं जाहीर केलं की सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळेपर्यंत मी पण घेणार नाही. सरकारनं स्वस्त औषधं आणायचा कायदा केला होता, त्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या कोर्टात गेलेल्या, टीएसी त्या केसमध्ये सरकारच्या बाजूनं उभी राहिली आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी केस मागे घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, आणि सगळ्या जगातला भाव कोसळला. आपल्या मुंबईचं नाव त्या लढ्यात असं जोडलेलं आहे, मला त्याचा अभिमान वाटतो.

पण खरी कसोटी पुढे होती. आता समोर कंपनी नाही, स्वतःचं सरकार, मंडेलांच्या पक्षाचं, ज्याच्यासाठी याच लोकांनी तुरुंग भोगलेला. अध्यक्ष म्बेकींना एचआयव्हीनं एड्स होतो यावरच शंका. नेव्हिरापिन नावाचं औषध बाळंतपणाच्या वेळी आईला एकदा आणि जन्मल्यावर बाळाला एकदा दिलं तर बाळाला लागण व्हायचा धोका खूप कमी होत होता, कंपनी ते पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती, आणि सरकार म्हणे की प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांवर देणार, देशभरात अठरा. बाकीच्या आयांनी काय करायचं? टीएसी कोर्टात गेली आणि ५ जुलै २००२ ला घटना न्यायालयानं सरकारला सांगितलं की औषध सगळीकडे उपलब्ध करा.

आता तुमच्या कामाशी जोडणारा भाग. टीएसीनं नुसती केस नाही लढवली. वस्त्यावस्त्यांत जाऊन बायकांना शिकवलं की विषाणू म्हणजे काय, सीडी४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी काय, गोळी कधी घ्यायची, नाही घेतली तर काय होतं. शाळा अर्धवट सोडलेल्या बायका डॉक्टरला नेमके प्रश्न विचारायला लागल्या. छातीवर एचआयव्ही पॉझिटिव्ह असं मोठ्या अक्षरात छापलेले टी-शर्ट घालून मोर्चे निघाले, ज्याला लागण आहे तो पण घालणार, नाही तो पण, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागाच नको. तुम्ही घरोघरी जाऊन जे सांगता ना, तेच काम हे. केस जिंकल्यावर औषध दवाखान्यात खरंच आलं का हे बघायला कोर्ट जात नाही, याच बायका जात होत्या.

या संस्था परदेशी पैशावर चालतात हे खरं आहे ना? मग ती त्यांची लोकशाही की देणाऱ्यांची? (निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

बऱ्याच चालतात, खरं आहे, आणि हा प्रश्न विचारणारा प्रत्येकजण सरकारचा माणूस असतो असं मी मानत नाही. ज्याचा पैसा त्याचा अजेंडा थोडाफार येतोच, गावातल्या बाईला काय हवं यापेक्षा रिपोर्टमध्ये काय बरं दिसेल याकडे लक्ष जातं, हे मी बघितलेलं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड ही आपली सरकारी मदतसंस्था बंद केली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी संस्थांचं काम रातोरात थांबलं, त्यावरून किती टेकू होता ते कळलंच.

पण उपाय काय केला जातो ते बघा. इथिओपियात २००९ मध्ये कायदा आला, ज्या संस्थेचा १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसा बाहेरून येतो तिनं मानवी हक्क, लोकशाही, बायकांचे हक्क, अपंगांचे हक्क यावर काम करायचंच नाही. विहिरी खणा, भाकरी वाटा, पण हक्क बोलू नका. बहुतेक हक्कवाल्या संस्था बंद पडल्या नाहीतर त्यांनी काम बदललं. दहा वर्षं हे चाललं, २०१९ मध्ये कायदा रद्द झाला, पण दहा वर्षांत शिकून तयार होणारी जी माणसं असतात ती झालीच नाहीत, आणि पुढच्याच वर्षी देशात यादवी पेटली तेव्हा मधे पडून बोलणारं कुणी जवळपास उरलेलं नव्हतं. आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा आहे, २०२० ची दुरुस्ती झाली तेव्हा लहान संस्थांची काय धावपळ झाली ते तुम्ही बँकेत असताना कदाचित बघितलं असेल. हिशोब मागा, जरूर मागा, सगळा जाहीर करायला लावा. तोंड बंद करणं हा हिशोब नाही.

आणि पर्याय पण उभे राहतायत. नायजेरियात २०११ पासून बजआयटी नावाची संस्था सरकारचं बजेट सोप्या चित्रांत मांडते, आणि अमुक गावात शाळेच्या खोल्यांना पैसे मंजूर झालेत तर त्या खोल्या खरंच आहेत का हे गावातलीच माणसं जाऊन बघतात. अशा बघण्याला खर्च फार नसतो.

मॉरिशस आफ्रिकेत धरायचं का? आमच्या पणजोबांचे भाऊ तिकडे गेलेले, पुढचं काही माहीत नाही. (रत्नागिरी)

धरायचं, आफ्रिकन युनियनचा सदस्य देश आहे तो. एकोणिसाव्या शतकात तुमच्या बाजूची, कोकणातली माणसं तिकडे उसाच्या मळ्यांत गेली, त्यांची मराठी वस्ती अजून आहे, गणपती बसतात, तुमची जाखडी तिथं झाकरी म्हणून नाचतात.

२५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं, बारा दिवस सरकार बघत राहिलं आणि ६ ऑगस्टला तेल गळायला लागलं, हजारेक टन. सरकार म्हणे लांब राहा, आम्ही बघतो. लोकांनी ऐकलं नाही. हजारो माणसं, मच्छीमार, मळेवाले, पोरंटोरं, माहेबुर्गच्या किनाऱ्यावर जमली, कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट भरलं आणि ते समुद्रात सोडून तेल अडवलं, बायकांनी केस कापून दिले कारण केस तेल धरून ठेवतात. आणि त्याच माणसांतून २९ ऑगस्टला पोर्ट लुईत प्रचंड मोर्चा निघाला. पुढे २०२४ च्या निवडणुकीआधी फोन टॅपिंगच्या क्लिप बाहेर आल्या तेव्हा सरकारनं सोशल मीडिया बंद करायचा आदेश काढला, इतका गदारोळ झाला की एका दिवसात मागे घ्यावा लागला, आणि निवडणुकीत विरोधी आघाडीला ६२ पैकी ६० जागा. पाचट भरणाऱ्यांत तुमच्या पणजोबांच्या भावाचं कुणी असेलही.

सुदानमध्ये इतकं मोठं आंदोलन झालं, शेवट काय, युद्ध. बुर्किना फासोत पण तेच. मग हे सगळं कशाला? (ठाणे)

तुमचा प्रश्न टाळावासा वाटत होता, कारण माझ्याकडे दिलासा देणारं उत्तर नाही. बुर्किना फासोत २०१३ मध्ये गायकांनी मिळून बाले सितोयाँ, म्हणजे नागरिकांचा झाडू, ही चळवळ काढली, ऑक्टोबर २०१४ मध्ये २७ वर्षं सत्तेत असलेला अध्यक्ष कोंपाओरे पळाला. २०२२ मध्ये दोन वेळा लष्करानं सत्ता घेतली, आणि आता टीका करणाऱ्याला सक्तीनं लढाईवर पाठवतात. सुदानमध्ये डिसेंबर २०१८ ला भाकरीच्या भावावरून सुरू झालेल्या आंदोलनानं एप्रिल २०१९ मध्ये हुकूमशहा ओमर अल-बशीरला खाली खेचलं, मग २०२१ चा लष्करी उठाव, मग एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींचं युद्ध. बंदुकीपुढे फलक टिकत नाही हे मी लपवणार नाही.

पण सुदानबद्दल एक सांगायचंच आहे. गल्लोगल्ली ज्या रेझिस्टन्स कमिट्या मोर्चे काढायच्या, त्यांच्यातूनच युद्धात इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स उभ्या राहिल्या. दवाखाने बंद, सरकार पळालेलं, मदत संस्था आत येऊ शकत नाहीत, तेव्हा ही पोरं गल्लीत चूल मांडून शेकडो माणसांना जेवू घालतात, औषधं आणतात, अडकलेल्यांना बाहेर काढतात. परदेशातले सुदानी लोक मोबाइल अॅपवर पैसे पाठवतात. तिकडे या मिळून काम करायच्या रीतीला नफीर म्हणतात, आपल्याकडे शेतावर इर्जिक घालतात ना, अगदी तेच, एकाच्या वावरात सगळ्या गावानं राबायचं. बारकं काम आहे असं समजू नका, कोणत्या गल्लीला किती ताटं, पैसे किती आले, गेले कुठे, याच्या याद्या रोज लिहिल्या जातात. जिथं सरकार पोचतच नाही तिथं सगळ्यांना दिसेल असा हिशोब या एवढ्याच ठिकाणी चाललाय. यातल्या कितीतरी जणांना दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मारलंय.

कशाला विचारलंत. मला वाटतं उद्या युद्ध थांबलं तर नगरपालिका कुणी चालवायची या प्रश्नाचं उत्तर त्या चुलींपाशी आधीच तयार आहे.

मलावीत २०२५ ला तेच मुथारिका परत निवडून आले म्हणे! मग २०१९ चे मोर्चे वाया गेले का? (डोंबिवली)

आले, १६ सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत, सुमारे ५७ टक्के मतांनी, वयाच्या ८५ व्या वर्षी. २०२० च्या फेरनिवडणुकीत चकवेरा ५८ टक्क्यांच्या वर घेऊन जिंकले होते, पण महागाई, डिझेल-पेट्रोलच्या रांगा, चक्रीवादळ, दुष्काळ, भ्रष्टाचाराची प्रकरणं, लोक वैतागले. एचआरडीसीचे तेव्हाचे नेते टिमथी म्तांबो २०२० मध्ये चकवेरांच्या मंत्रिमंडळात गेले होते, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, अंपायरनं बॅट घेऊन मैदानात उतरल्यासारखं ते, आणि पुढे मंत्रिपदही गेलं. बाकीचे मागे राहिले आणि नव्या सरकारला पण तेच प्रश्न विचारत बसले, ते बरं झालं.

आणि वाया कसे जातील? २०१९ ला लोक मुथारिका नकोत म्हणून नव्हते ना भांडले, निदान माझी तरी अशीच समजूत आहे, ते आकडे खोडू नका म्हणून भांडले. यावेळी आकडे खोडले नाहीत, ५० टक्क्यांची अट जी त्या निकालातून आली तीच यावेळी लागू होती, आणि ती पार करून माणूस निवडून आला. २४ सप्टेंबरला आयोगानं निकाल जाहीर करायच्या आधीच चकवेरांनी देशाला उद्देशून भाषण करून हार मान्य केली, मुथारिकांना फोन करून शुभेच्छा दिल्याचं सांगितलं. मुथारिकांबरोबर उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या त्या जेन अन्साह, त्याच, ज्यांच्या राजीनाम्यासाठी महिनोन्महिने मोर्चे निघाले होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी शपथ घेतली. तेव्हा अश्रुधूर खाल्लेली पोरं आता पंचविशी-तिशीची असतील, त्यांना तो शपथविधी बघताना काय वाटलं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही, पण निकाल खोटा आहे म्हणून तेव्हासारखे महिनोन्महिने मोर्चे काही निघाले नाहीत.